सालम मिश्री, ताणलं जाणारं आइस्क्रीम आणि मातीतल्या दोन कंदांची भानगड

थंडी सुरू झाली की पौष्टिक लाडवांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. डिंक, खारीक, गोडंबी, मेथी, सफेद मुसळी आणि कुठेतरी खाली एक नाव असतं, सालम मिश्री. काष्ठौषधीच्या दुकानात मागितली तर दुकानदार बरणीतून पिवळट, टणक, शेंगदाण्याएवढे किंवा जरा मोठे सुरकुतलेले तुकडे काढून देतो, भाव ऐकून बरेच जण तिथेच ती यादीतून खोडतात. दातांनी फुटत नाही, मिक्सरलाही जड जाते, पण एकदा पूड झाली की थोडीशी दुधात घालून उकळा, दूध दाट व्हायला लागतं.

हा तुकडा म्हणजे ऑर्किडचा वाळवलेला कंद. हो, ऑर्किड, बुकेमध्ये जांभळी फुलं येतात त्याच खानदानातलं. आपल्या डोक्यात ऑर्किड म्हटलं की झाडाच्या फांदीवर लटकलेलं काहीतरी येतं, मराठीत ज्याला आमरी म्हणतात ते. पण या कुळातल्या खूप जाती साध्या जमिनीत उगवतात, खाली कंद धरतात, वर्षातले काही महिने वर दिसतात आणि बाकीचे महिने नुसता कंद मातीत पडून असतो. त्यातल्या काहींचे कंद माणूस शेकडो वर्षं खात आलाय. आणि त्या खाण्यातच सगळी गोची आहे. सुरण किंवा रताळी खाणं वेगळं आणि हे खाणं वेगळं, ते का ते सांगायला हा सगळा लेख.

आधी तुर्कस्तानात जाऊ, कारण या कंदाचं खरं माहेर तिकडे. तिकडे याच्या पावडरीला म्हणतात सालेप. थंडीत गरम दुधात सालेप आणि साखर घालून, वर दालचिनी भुरभुरून पितात, फेरीबोटीत, बसस्टँडवर, रस्त्याच्या कडेला, आपल्याकडे चहा जसा सगळीकडे असतो तसं. इजिप्त-लेबनॉनकडे हेच सहलब म्हणून ओळखतात, आखातात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथल्या कॅफेत प्यायलंही असेल, अर्थात आजकाल त्या कपात बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअरच असतं. अठराव्या शतकात तर हे पेय लंडनच्या रस्त्यांवर गाड्यांवर विकलं जायचं, पुढे चहा-कॉफी स्वस्त झाली आणि ते मागे पडलं.

पण सालेपचं खरं कौतुक बघायचं तर कहरामानमराश या शहराचं आइस्क्रीम बघा. तिथे त्याला दोंदुर्मा म्हणतात. बकरीचं दूध, साखर आणि सालेप, एवढंच मुख्य सामान. हे आइस्क्रीम दुकानात हुकाला टांगून ठेवलेलं असतं, सुरीने कापून प्लेटमध्ये देतात आणि काट्या-सुरीने खातात. इस्तंबूलमध्ये लांब दांड्याच्या टोकाला गोळा चिकटवून गिऱ्हाइकाला चकवणारे विक्रेते तुम्ही रील्समध्ये पाहिलेच असतील, आता पुण्या-मुंबईच्या मॉलमध्येही तसे स्टॉल आलेत. कोन उलटा केला तरी गोळा पडत नाही ही गंमत सगळ्यांना आवडते पण ती होते कशामुळे हे कोणी विचारत नाही.

ती होते ग्लुकोमॅनन नावाच्या पदार्थामुळे. नाव अवघड आहे, वस्तू सोपी आहे. ग्लुकोज आणि मॅनोज या दोन साध्या साखरा एकापुढे एक जोडत जोडत कंदाने एक लांबच लांब साखळी तयार केलेली असते. ही साखळी पाण्यात पडली की पाणी धरून फुगते आणि अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंततात. दुधातलं बरंचसं पाणी मग या गुंत्यात अडकतं, मोकळं फिरत नाही. आइस्क्रीम खरखरीत होतं ते बर्फाचे स्फटिक मोठे झाले म्हणून, इथे पाण्याची हालचालच मंदावलेली असल्याने ते स्फटिक मोठे व्हायला वाव कमी मिळतो, आणि आइस्क्रीम वितळतंही सावकाश. त्यात मराशचे, म्हणजे कहरामानमराशचे, कारागीर हे मिश्रण लोखंडी दांड्याने बराच वेळ बडवतात, ताणतात, परत घडी करतात, म्हणून त्याला तो चिवटपणा येतो. लिटरभर दुधाला काही ग्रॅम सालेप पुरतं. आता तुम्ही म्हणाल, एवढंसंच लागतं ना, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा की एक किलो सुकं सालेप करायला साधारण १,००० ते ४,००० कंद लागतात. आणि एक कंद म्हणजे एक अख्खं झाड.

आता जरा मातीत उतरू, कारण मुख्य गोष्ट तिथेच आहे.

सालेप कुठल्या एकाच जातीचं नसतं. ऑर्किस, अॅनाकॅम्प्टिस, ऑफ्रिस, सेरापियस, डॅक्टिलोऱ्हायझा अशा बऱ्याच वंशांच्या जाती त्यासाठी उकरल्या जातात. उदाहरण म्हणून ऑर्किस मॅस्क्युला घेऊ, युरोपापासून इराणपर्यंत सापडणारी, जांभळ्या फुलांची, फूटभर उंचीची. फुलावर असताना ती मुळापासून हलकेच उकरली तर खाली दोन कंद दिसतात, एकमेकांना लागून, गोल-लांबट. नीट बघितलं तर दोघांत फरक कळतो. एक मळकट, सुरकुतलेला, दाबला तर मऊ लागणारा. दुसरा पांढरट, गच्च, भरलेला. सुरकुतलेला आहे तो गेल्या वर्षीचा, त्यातला साठा खर्च करून यंदाची पानं आणि फुलांचा दांडा वर आलाय, तो आता संपत आलाय. भरलेला आहे तो यंदाच्या पानांनी उन्हात कमावलेला, पुढच्या वर्षीचं झाड त्यातून येणार. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, जुना कंद कुजतो आणि मातीत फक्त हा नवा उरतो.

गोळा करणारे कोणता कंद घेतात? भरलेला. सुरकुतलेल्याला काही किंमत नाही, त्यात उरलेलंच काही नसतं. म्हणजे हे पेरणीसाठी राखलेल्या ज्वारीची भाकरी करून खाण्यासारखं झालं. काही जाणते गावकरी जुना कंद परत मातीत दाबतात, त्याने झाड कधी कधी तग धरतं, पण घाईघाईत पोतं भरणारा माणूस एवढं कुठे करत बसतो.

वरून काढायची वेळ पण नेमकी वाईट. फूल नसताना ही झाडं गवतात ओळखू येत नाहीत, त्यामुळे उकरणी होते ती फुलोऱ्याच्या काळात. तेव्हा नवा कंद भरत आलेला असतो, माणसाच्या दृष्टीने बेस्ट टायमिंग, पण बी अजून धरलेलं नसतं. म्हणजे त्या झाडाचा कंदही गेला आणि बीही गेलं.

काढलेले कंद धुतात, मग पाण्यात, दुधात किंवा ताकात उकळतात. उकळले नाहीत तर ते वाळता वाळता मध्येच अंकुरायचा प्रयत्न करतात, शिवाय कच्च्याचा कडवटपणा जातो. मग सुईदोऱ्याने माळा ओवून उन्हात टांगतात. वाळले की आपल्या बरणीतले ते टणक तुकडे तयार. कास्तामोनू, मुगला, मराश असे भागाप्रमाणे प्रकार पडतात आणि दर्जाही बदलतो, कारण प्रत्येक जातीत ग्लुकोमॅननचं प्रमाण सारखं नसतं.

मग शेती का करत नाहीत? हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, मलाही तोच पडला होता, आणि त्याचं उत्तर मला या विषयातलं सगळ्यात भन्नाट प्रकरण वाटतं.

ऑर्किडचं बी म्हणजे अक्षरशः धूळ. एका बोंडात हजारोंनी असतं, वाऱ्यावर उडतं, पण त्यात खायला काहीच नसतं. हरभऱ्याचं बी बघा, दोन डाळिंब्या म्हणजे कोंबासाठी बांधून दिलेला डबाच. ऑर्किडच्या बियात गर्भ असतो आणि बाहेर एक पातळ साल, बस्स. मग ते रुजतं कसं? तर मातीतली एक विशिष्ट बुरशी त्या बियात शिरावी लागते. ती बुरशी आजूबाजूच्या कुजक्या पालापाचोळ्यातून अन्न आणते आणि हा इवलासा गर्भ त्या बुरशीकडून ते काढून घेतो. पहिली हिरवी पानं येईपर्यंतचा काळ हा असा उधारीवर चालतो, मातीखाली, कोणाला न दिसता. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या, १८९९ साली. त्याआधी युरोपातले बागवाले ऑर्किडचं बी पेरून पेरून थकले होते, रुजलं तर नशीब. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने दाखवलं की साखर घातलेल्या अगारवर (अगार म्हणजे जेलीसारखा पदार्थ), बाटलीत, बुरशीशिवायही बी रुजवता येतं. आज बाजारात जी स्वस्त ऑर्किडची रोपं मिळतात त्यांच्यामागे हीच युक्ती आहे.

पण लॅबमधल्या बाटलीतून काढून डोंगराच्या मातीत लावलं की बुरशीचा प्रश्न परत उभा राहतो, आणि बियापासून फुलापर्यंत काही वर्षं जातात. काही वर्षं थांबा, आणि शेवटी एका रोपामागे हातात येणार काही ग्रॅमचा एक कंद. तुर्कस्तानात लहान कंद लावून शेती करायचे प्रयत्न चालू आहेत, चांगली गोष्ट आहे, पण डोंगरावर जाऊन उकरणं फुकट आहे तोवर त्यांची बाजारात डाळ शिजणं कठीण.

बरं, निसर्गात तरी बी भरपूर धरतं का? तेही नाही. ऑर्किस मॅस्क्युलाच्या फुलात मध नसतो. लांब सोंड आहे, रंग आहे, थाट सगळा मध असल्याचा, आत ठणठणाट. नवशिक्या माश्या एक-दोनदा फसतात, मग शहाण्या होतात, त्यामुळे बरीच फुलं फळ न धरताच वाळतात. डार्विनने या फुलावर एक मजेशीर प्रयोग केला होता, १८६२ च्या त्याच्या ऑर्किडवरच्या पुस्तकात तो आहे. टोकदार पेन्सिल फुलात घातली आणि बाहेर काढली, तर पेन्सिलीला परागाची एक छोटी गदा चिकटून आली, उभी. साधारण अर्ध्या मिनिटात ती गदा आपोआप पुढे वाकली. म्हणजे माशीच्या डोक्यावर चिकटलेली गदा, माशी पुढच्या झाडावर पोचेपर्यंत बरोबर अशा कोनात येते की पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसरालाच टेकेल, त्याच फुलाला लागणार नाही. एवढी कारागिरी असलेलं झाड आपण दुधात ढवळून पितो, असो.

इथे सफेद मुसळीशी तुलना करून बघा म्हणजे फरक कळेल. मुसळी ऑर्किड नाही, शतावरीच्या कुळातली आहे, आणि तिच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. तीसुद्धा आधी जंगलातूनच ओरबाडली जायची, पण तिच्या मुळ्यांचा घड फोडून, वरचा डोळा ठेवून परत लावता येतो, त्यामुळे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातेत शेतकऱ्यांनी तिची लागवड केली. एका झाडाची अनेक झाडं होतात. सालेपच्या ऑर्किडमध्ये जुना एक कंद जातो आणि नवा बहुतेक एकच येतो, म्हणजे वर्षभर राबून शिल्लक तेवढीच. वाढ होणार ती बियातूनच, आणि बियाचं रामायण वर सांगितलंच.

तुर्कस्तानात दरवर्षी किती कंद निघतात याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सगळे कोटींच्या घरात. तिथून सालेपच्या निर्यातीला बंदी आहे, आणि ऑर्किडचं अख्खं कुळच साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तरीपण मागणी थांबत नाही, मग माल शेजारून येतो. उत्तर इराणमध्ये असे लाखो कंद उकरले जातात आणि ते तिकडच्या लोकांच्या खाण्यासाठी नसतात, तुर्कस्तानच्या बाजारासाठी असतात.

हे फक्त तिकडचंच आहे असंही नाही. आफ्रिकेत झांबियामध्ये चिकांडा नावाचा पदार्थ आहे. मुळात बेंबा लोकांचा, आता शहरातल्या सुपरमार्केटपर्यंत आलेला. जमिनीतल्या ऑर्किडचे कंद वाळवून कुटतात, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि थोडा सोडा (पूर्वी राखेचं पाणी) घालून उकळत्या पाण्यात घोटतात, घट्ट झालं की थापून वड्या कापतात. शेंगदाण्याचं कूट म्हटल्यावर मराठी माणसाला चव समजायला वेळ लागायचा नाही. तिथे डिसा, सॅटिरियम, हबेनारिया या वंशांचे कंद वापरतात. झांबियातले संपत आले तेव्हा व्यापारी शेजारच्या टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत घुसले, तिथून वर्षाला २० ते ४० लाख कंद बाहेर जात असावेत असा अंदाज आहे. तिथल्या कितुलो पठाराला २००५ साली नॅशनल पार्क केलं, आणि विशेष म्हणजे ते प्राण्यांसाठी केलं नाही, प्रामुख्याने फुलांसाठी केलं. स्थानिक लोक त्याला देवाची बाग म्हणतात.

वाचताना कास आठवलं असेल तर बरोबर आठवलं. तीच हबेनारिया आपल्या सह्याद्रीतही आहे, वेगवेगळ्या जातींची. कासच्या सड्यावर पावसाळ्यात पांढऱ्या फुलांची ती दाटीने उगवते, तिच्यातल्या एकीला लोक टूथब्रश ऑर्किड म्हणतात आणि फोटो काढतात. खाली मातीचा थर बोटभर, त्यातच कंद. तिचं घड्याळ मात्र तुर्कस्तानच्या उलट. तिकडे पाऊस हिवाळ्यात, म्हणून ऑर्किड थंडीत पानं काढते, वसंतात फुलते आणि उन्हाळ्यात झोपते. आपल्याकडे जूनमध्ये कोंब, जुलै ते सप्टेंबर फुलं, दिवाळीपर्यंत वरचं सगळं गायब. यंत्रणा तीच, जुना कंद संपतो, नवा भरतो. म्हणून सड्यावर फोटोसाठी गाडी चढवणं किंवा फुलांमध्ये बसकण मारणं वाईट, नवा कंद अर्धवट भरलेला असताना पानं चिरडली गेली की पुढच्या वर्षीचं झाड तेवढं दुबळं येतं.

महाराष्ट्रात कंदासाठी जास्त ओळखली जाते ती युलोफिया, म्हणजे अमरकंद. आदिवासी भागात तिचे कंद औषध म्हणून आणि काही ठिकाणी खाण्यासाठी वापरायची जुनी पद्धत आहे. घरापुरते चार कंद काढणारा माणूस आणि पोत्याने व्यापाऱ्याला देणारा माणूस यांना एका मापाने मोजू नये असं माझं मत आहे, जंगलाची वाट लागते ती दुसऱ्या प्रकाराने.

आणि हिमालयात आहे सालमपंजा. डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया, साधारण २,८०० ते ४,००० मीटर उंचीवरच्या कुरणांत वाढणारी. हिचा कंद गोल नसतो, बोटं फुटलेल्या हातासारखा असतो, नेपाळमध्ये म्हणूनच तिला पाँचऔंले म्हणतात. तिथे ती गोळा करायला बंदी आहे. एवढ्या उंचीवर वाढीचे महिनेच थोडे, त्यात झाड सावकाश वाढणारं, त्यामुळे एकदा एखादं कुरण साफ झालं की ते परत भरायला फार काळ लागतो.

आता गुणांचं बोलू, कारण शेवटी लोक विकत घेतात ते त्यासाठी. सालम मिश्रीची ख्याती पुरुषांच्या ताकदीसाठी. ही ख्याती युरोपातही होती, भारतातही आहे, आणि त्यामागे बऱ्याच अंशी त्या दोन गोल कंदांचा आकार आहे, जुन्या काळी वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवाला ती लागू पडते असं मानायचे. कंदात मुख्यतः ग्लुकोमॅनन आणि स्टार्च असतं. ग्लुकोमॅनन आपल्या पाचकरसांनी पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या कामी येतं, म्हणजे एक प्रकारचं फायबर. पोट भरल्यासारखं वाटतं, घशाला आणि पोटाला बुळबुळीत थर मिळाल्याने बरं वाटतं. बाकी थंडीत अंगात तरतरी येते ती दूध, तूप, साखर, बदाम यांची, त्यांचं श्रेय चिमूटभर सालमला का द्यायचं?

दाटपणाच हवा असेल तर पर्याय आहेत. कोंजॅक नावाचा एक कंद आहे, जपान-चीनमध्ये त्याची शेती होते, त्यात ग्लुकोमॅनन ठासून भरलेलं असतं, आणि गंमत म्हणजे तो आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद आहे, एकाच वंशातला. गवारीच्या बियांपासून निघणारा ग्वार गमही आहे, राजस्थानात त्याचं मोठं पीक. इन्स्टंट सालेपची पाकिटं आणि मॉलमधली ताणली जाणारी आइस्क्रीमं बहुतेक असल्याच गोष्टींवर चालतात, खरं सालेप त्यांना परवडणारच नाही. चवीत थोडा फरक पडतो म्हणतात जाणकार, पडो.

आणि कोणी ट्रेकला जाऊन अमरकंद उकरून आणायच्या विचारात असेल तर एकच सांगतो, नका आणू. झाडाचं नुकसान एक वेळ बाजूला ठेवा, पण त्याच पावसात, त्याच कातळा-झुडपांत कळलावी उगवते, अग्निशिखा म्हणतात ती, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं आणि तो कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत. वर फूल असताना दोन्ही झाडं ओळखायला पोरगंही चुकणार नाही, पण फुलं-पानं गळून गेल्यावर मातीतून निघालेला नुसता कंद बघून छातीठोकपणे सांगणारे फार थोडे असतात, आणि यूट्यूबवर व्हिडिओ बघून गेलेला त्यांच्यात नक्की नसतो.